पाणी दिलं, साहेब

ही गोष्ट ऐकायला मला माणूस मिळाला नाही, असं नाही. बायको होती. बेचाळीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. तिला माझं सगळं ठाऊक होतं, माझ्या पोटदुखीपासून ते तिच्या वडिलांवर मी मनात धरलेल्या रागापर्यंत. एवढं एक सोडून. दोन-तीनदा सांगायला तोंड उघडलं आणि ‘उद्या नारळ पाडायला माणूस येणार आहे ना’ असलं काहीतरी बोलून मिटलं. आता ती नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेल तसंही. भित्र्या माणसाला अनोळखी माणूस बरा पडतो.

आणि मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल दुसरं काही वाटायला लागलं, तर ते खरं मानू नका.

मालवणपासून खाडीने वर गेलं की काठावर एक लाकूड कापायची गिरण होती. आज तिथे माडाची बाग आहे, गिरणीचा एक दगडसुद्धा उरलेला नाही. मी बोलतोय ते दिवस फार जुने — गोव्यात अजून पोर्तुगीज होते, आणि आमच्या बाजूला कडक दारूबंदी. घाटाखालच्या रानातून ओंडके यायचे, गिरणीत त्यांच्या फळ्या व्हायच्या आणि पडावांतून, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्यांतून, वेंगुर्ल्याकडे, मुंबईकडे जायच्या. मी तिथे कारकून होतो. हजेरी मांडायची, पगारपत्रक करायचं, मालकाला आठवड्याचं पत्र लिहायचं. वय पंचवीस, लग्नाला वर्ष झालेलं. सगळे मला अण्णा म्हणायचे, माझ्या दुप्पट वयाचे गडीसुद्धा.

भिको मोठ्या करवतीवर होता. खरं नाव भिकाजी, पण ते फक्त माझ्या हजेरीपटात. अंगाने उंच, बोलायला कमी. ओंडका करवतीपुढे सरकवताना तो लाकडावर असा हात ठेवायचा, की जणू गाईच्या पाठीवर ठेवलाय. त्याच्याबद्दल सगळ्या गिरणीला एक गोष्ट ठाऊक होती. तो दारूच्या थेंबाला शिवत नसे. त्याचा बाप दारूपायी गेला होता, भर दुपारी, चिखलात तोंड घालून. भिकोने तेव्हा, पोरवयातच, ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शब्द दिला होता. दारूबंदी असली तरी आमच्याकडे कोणाला पाहिजे असेल तर मिळत होती. गोव्याची हद्द काही लांब नाही. शनिवारी पगार झाला की निम्मे गडी माडांच्या आड जायचे. भिको सरळ होडीत बसून घरी जायचा. बाकीचे त्याची चेष्टा करायचे, आणि मनातून त्याला मानायचे.

त्याचा मान देवळात होता. उत्सवाला तरंग बाहेर काढतात, म्हणजे देवाचे ते उंच, लुगडी नेसवलेले खांब. त्यातलं एक धरायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. बाप गेल्यावर तो त्याच्याकडे आला. लोक म्हणत, बापाच्या हातात तरंग डुलायचं, ह्याच्या हातात नीट उभं राहतं.

आता माझं सांगतो. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या पावत्यांच्या मागे, एक बाटली असायची. काजूची फेणी. पडावावरचा एक खलाशी आणून द्यायचा. छातीत कफ होतो म्हणून औषधाला ठेवतो, असं मी त्याला सांगत असे — आणि खरं सांगू? स्वतःलाही तसंच सांगत असे. रोज नाही. पण कोणाला ठाऊक नव्हतं, हे खरं. सासरे शाळामास्तर, गावात दारूबंदीच्या सभेत भाषण करणारे. बाटली सापडली असती तर पोलीस, दंड, कदाचित तुरुंग. नोकरी तर गेलीच असती.

त्या दिवशी सकाळी इंजिनाचा पट्टा चाकावरून सारखा घसरत होता. दोनदा इंजिन बंद करून बसवला. ते तेलाचं इंजिन, एकदा थंड झालं की पुन्हा सुरू करायला अर्धा तास जायचा. पडाव काठाला लागलेला, भरतीची वेळ जवळ आलेली. तिसऱ्यांदा पट्टा सरकला, तेव्हा मॅनेजर ओरडले, “इंजिन बंद करू नका! भिकाजी, तसाच सरकव तो लाकडाने.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. भिकोने फळीचा तुकडा घेतला. फळी निसटली आणि उजवा हात आत गेला.

आवाज मी सांगत नाही.

इंजिन थांबवायला दोघे धावले, होडी आणायला दोघे. मॅनेजर दवाखान्याला चिठ्ठी लिहायला बसले. आम्ही त्याला उचलून माझ्या खोलीत, बाकावर आडवा केला. मग जो तो आपापल्या धावपळीला गेला आणि खोलीत तो आणि मी, दोघेच राहिलो. मी त्याचा हात धोतराच्या फडक्यात गुंडाळला होता. फडकं भिजून गेलं. त्याचे ओठ निळे पडत चालले होते. मला काय करावं सुचेना. मी खण उघडला आणि बाटली काढली. आधी हातावर ओतली. तो कण्हला, डोळे फिरले. मला वाटलं, हा आता जातो. बाटली त्याच्या तोंडाला लावली.

त्याने तोंड फिरवलं.

शुद्ध जेमतेम होती, पण वास त्याला कळला. तो म्हणाला, “नको.” एकदाच, पण स्पष्ट. मी त्याचा जबडा धरला. “वखद आसा ह्या, गीळ,” म्हटलं — स्वतःला सांगायचो तेच, औषध — आणि ओतली. त्याने गिळली. थोडी ओठांतून छातीवर सांडली. मग त्याची शुद्ध गेली. मी बाटली उरल्यासुरल्यासकट खिडकीतून खाडीत फेकली. लोक परत आले, तेव्हा मी त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत होतो.

इथपर्यंत मी काय वाईट केलं? एवढंच असतं, तर मी हे लिहायला बसलोच नसतो. मरणाच्या दारातल्या माणसाच्या तोंडात दोन घोट ओतले. देवालासुद्धा त्याचा राग आला नसता. माझा गुन्हा तिथे नाही. तो पुढे आहे, आणि तो करताना माझे हात अगदी कोरडे होते.

डॉक्टरांनी त्याला वाचवलं. चार बोटं आणि अर्धा पंजा काढावा लागला. अंगठ्याचं एक खुंट राहिलं. महिन्याभराने तो घरी आला. मी त्याला भेटायला गेलो. त्याची बायको शेवंती दारात तांदूळ निवडत होती, चार वर्षांची मुलगी तिच्या पाठीला लागलेली. भिको खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसला होता. हाताच्या पट्ट्यांकडे तो अशा नजरेने बघत होता, की जणू हे कोणा दुसऱ्याचं कोणीतरी त्याच्या मांडीवर आणून ठेवलंय.

मीच त्याला म्हटलं की कायदा आहे. ऑफिसच्या कपाटात एक पातळ पुस्तिका होती, कामगारांच्या नुकसानभरपाईची. सरकारकडून आलेली, कोणी न उघडलेली. मी ती घरी नेऊन तीनदा वाचली आणि एका रविवारी त्याच्या खळ्यात बसून त्याला समजावून सांगितली. कामावर असताना, कामामुळे इजा झाली की मालकाने भरपाई द्यायची, मग चूक कोणाची का असेना. घरी पडून राहावं लागलं तेवढ्या दिवसांसाठी पंधरवड्याच्या पंधरवड्याला काहीतरी. आणि अंग कायमचं अधू झालं तर एकरकमी. कुठलं बोट गेलं, किती गेलं, कमाईची ताकद त्यामुळे किती घटली, याचा तक्ताच मागे छापला होता. मालक आपणहून देत नसेल तर सरकारने नेमलेल्या कमिशनरसाहेबाकडे अर्ज करायचा, पण वर्षाच्या आत.

तो लक्ष देऊन ऐकत होता. तक्ता वाचला तेव्हा हसला. “अण्णानु, बोटांचो पण दर लावललो आसा?” मग थोड्या वेळाने म्हणाला, “एका हातान जाळा ओढूक येवचा नाय. पण दुकान घालूक येतला.” शेवंतीने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी पुढचं बोललं होतं.

पुस्तिकेत आणखी एक कलम होतं. मी ते वाचून दाखवलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे — त्याचा याच्याशी काय संबंध, असं वाटलं म्हणून. अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या अंमलाखाली असेल आणि अपघात त्यामुळेच झाला असेल, तर मालक भरपाई द्यायला बांधलेला नाही. जीव गेला असेल तरच द्यावी लागते. भिकोला आणि दारूचं कलम? मी पान उलटलं.

मालकाला नोटीस माझ्याच अक्षरात गेली. मॅनेजरना ते कळलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दवाखान्याच्या नोंदीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, की आणलं तेव्हा रुग्णाच्या तोंडाला आणि कपड्यांना दारूचा वास येत होता. सबब मालक काही देणं लागत नाही. डॉक्टरांना बोल लावता येत नाही. वास येत होता, तो त्यांनी लिहिला.

ते उत्तर मीच त्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं — आणि हा प्रश्न मी आजही ऐकतो — “अण्णानु, माज्या तोंडाक वास कसो ओ येतलो? मी तर थेंबाक शिवाक नाय.”

त्याला आठवत नव्हतं. काहीच आठवत नव्हतं. पट्टा, फळी, आणि मग दवाखान्याचं छत.

तेव्हा मी सांगायला हवं होतं, नाही का? खळ्यात आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, “बघूया. साहेबापुढे खरं काय ते निघेल.” असं म्हटलं मी. जणू खरं कुठेतरी दुसरीकडे होतं आणि साहेब ते शोधून काढणार होता.

अर्ज केला. तोही मीच लिहिला. मला वाटलं, बाकीचे गडी सांगतील की तो पीत नाही, साहेब विश्वास ठेवील, आणि माझ्यावर काही येणारच नाही. किती रात्री मी हा हिशेब केला असेल! प्रत्येक वेळी त्यातून मी अलगद सुटत होतो.

पावसाळा संपल्यावर मालवणच्या कचेरीत सुनावणी झाली. मालकातर्फे वकील होते. भिकोतर्फे भिको. धुतलेला सदरा, उजवी बाही हातावर ओढून घेतलेली. गड्यांनी साक्षी दिल्या: तो पीत नाही, कधी बघितला नाही. वकिलांनी प्रत्येकाला विचारलं, “मग वास कसला?” प्रत्येकाने ‘ठाऊक नाही’ म्हटलं. मॅनेजर म्हणाले, इंजिन बंद न करता पट्ट्याला हात लावायला मी सांगितलंच नव्हतं. मग हजेरी आणि पगार दाखवायला मला बोलावलं.

कोणी मला धमकी दिली नव्हती, हे नीट ऐकून घ्या. मॅनेजरांनी आदल्या दिवशी मला बोलावलं नाही, मालकाने काही कबूल केलं नाही. कोणीतरी दटावलं असतं तर आज मला त्या माणसाचं नाव घेता आलं असतं.

वकिलांचं झाल्यावर साहेबांनी स्वतः विचारायला सुरुवात केली. वयस्क गृहस्थ होते, आवाज मऊ. त्यांना काहीतरी खटकत होतं.

“पट्टा सरकवायला मॅनेजरनी सांगितलं, हे तुम्ही ऐकलं?”

“इंजिनाचा आवाज मोठा होता, साहेब. नीट ऐकू आलं नाही.”

हे पहिलं.

“अपघातानंतर होडी येईपर्यंत याच्याजवळ कोण होतं?”

“मी होतो.”

साहेबांनी टाक खाली ठेवला. मला आठवतं, ते थोडे पुढे झुकले आणि लिहून घ्यायचं नसल्यासारखं म्हणाले, “तेवढ्या वेळात कोणी याला काही पाजलं का? वेदना सोसवत नाहीत तेव्हा लोक पाजतात. त्यात विशेष काही नाही.”

बघा — त्या माणसाने माझ्यासाठी दार सताड उघडून धरलं होतं. ‘त्यात विशेष काही नाही,’ असंही म्हणाले. माझ्या उजव्या हाताला, चार पावलांवर, भिको उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. संशयाने नव्हे. आपला माणूस बोलतोय, आता सगळं उलगडेल, अशा नजरेने.

मी म्हटलं, “पाणी दिलं, साहेब.”

साहेबांनी टाक उचलला, ते लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मी खाली सही केली. माझं अक्षर चांगलं होतं. सहीसुद्धा चांगली आली.

अर्ज फेटाळला गेला.

मी नोकरी राखली. पुढे साताठ वर्षांनी गिरण बंद पडली, तेव्हा दुसरीकडे लागलो. माझ्या मुलांची शिक्षणं झाली. एवढ्यासाठीच मी ते केलं, असं म्हणायचं तर म्हणता येईल. पण त्या क्षणी माझ्या मनात मुलं नव्हती, बायको नव्हती. फक्त सासऱ्यांचा चेहरा होता, त्यांना कळल्यावर जसा झाला असता तसा. इतक्या लहान गोष्टीसाठी मी ते केलं.

भिकोचं काय झालं, ते मला सांगायलाच हवं. भरपाई गेली, हे तर झालंच. दुकान झालं नाही. शेवंती काजूच्या कारखान्यात जायला लागली. काजू फोडून तिच्या बोटांची सालं निघायची. भिको दुसऱ्याच्या माडांची राखण करायचा. पण त्याने खरं नुकसान मानलं ते वेगळंच. लोकांनी आधी त्याची बाजू घेतली होती. मग हळूहळू बोलणं बदललं. सरकारी डॉक्टर कशाला खोटं लिहील? बापाचं रक्त कुठे जातं? आणि मग — हे मला सगळ्यात जड जातं — त्याला स्वतःलाच ते पटलं. आपल्या हातून काहीतरी घडलं, आपल्याला आठवत नाही, पण घडलं. देवाने म्हणूनच हात घेतला. पुढच्या उत्सवाला त्याने तरंग धरायला नकार दिला. गावकऱ्यांनी त्याला काढलं नव्हतं. त्याने आपणहून मान चुलतभावाकडे दिला आणि स्वतः पायऱ्यांखाली, चपला काढतात तिथे उभा राहिला. त्यानंतर दरवर्षी तिथेच. मी वर, सभामंडपात बसलेलो असे.

एकदा मी गेलो होतो त्याच्याकडे. गोवा सुटल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाटेत शब्दही जुळवले होते. तो डाव्या हाताने झावळं विणत होता, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. मला बघून उठला, घोंगडी पसरली, शेवंतीला चहा टाकायला सांगितला. मी म्हटलं, “भिको, त्या दिवसाचं एक तुला सांगायचं आहे.” त्याने डावा हात हलवून मला थांबवलं.

“सोडा ओ ता, अण्णानु. माजा पाप माज्यापाशी. तुमी नसतात तर माजो अर्ज कोणी लिवलो असतो? मॅनेजर थंय बसलो आसताना माज्यासाठी कचेरीत कोण उभो रवलो असतो?”

चहा आला. मी प्यालो. शेवंतीने निघताना माझ्या पिशवीत दहा-बारा कोकमं घातली. मी ती घेतली आणि घरी आलो. तुम्ही म्हणाल, त्याने थांबवलं म्हणून राहिलं. नाही. त्याने हात हलवला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मला बरं वाटलं — ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तो तापाने गेला. मी खांदा दिला. तिथे कोणीतरी हळूच म्हणालं, बिचारा चांगला होता, त्या एका दिवसाने घात केला. मी मान हलवली.

त्याची मुलगी आता आजी झाली आहे. शेजारच्याच वाडीत असते. बाजारात भेटली की वाकून पाया पडते. बाबा तुमचं नाव घ्यायचे, म्हणते. तिचा नातू मोटरसायकलवर थांबलेला असतो. ती त्यालाही पाया पडायला लावते. मागच्या सोमवारी भेटली होती. तिच्या हातात पडवळं होती, ती तिने एका काखेत धरली आणि वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘सुखी राहा’ म्हटलं.

हे लिहून झाल्यावर मी तिच्याकडे जाईन, असं मी म्हणत नाही. आजवर गेलो नाही.